माय सेफ्टीपिन ॲप : नागपूरच्या त्रिमूर्ती नगरच्या बाजूच्या गल्ल्यांमधे आठ महिने वापरून

आधीच सांगते, हे ॲप म्हणजे बटण दाबलं की कोणीतरी धावत येईल असलं ॲप समजून डाउनलोड करू नका. तसं काही झालंच तर ११२ लावा, किंवा बायकांच्या हेल्पलाईनचा १०९१ लावा, ते नंबर तर मोबाईलमधे असलेच पाहिजेत. लोकेशन घरच्यांना दाखवत घरी यायची सोय यात आहे, आपल्यातल्या बऱ्याच जणी तेवढ्यासाठीच घेतात आणि ते चांगलंच आहे. पण मी ज्याच्यावर लिहून राहिली आहे तो याचा दुसरा भाग आहे, ऑडिट नावाचा, म्हणजे रस्ता किती सेफ आहे त्याला मार्क द्यायचा, जो बहुतेक बायका उघडतच नाहीत. आमच्या लेआऊटमधल्या, म्हणजे वसाहतीतल्या, आम्ही सहा-सात जणींनी मे महिन्यापासून तो भाग वापरला आणि आमच्या येण्याजाण्याच्या रस्त्यावर खरोखर फरक पडला म्हणून एवढं लांब लिहून राहिली.

मी बर्डीवर एका पॅथॉलॉजी लॅबमधे रिसेप्शनला आहे. ड्यूटी साडेआठला सुटते, सीताबर्डीवरून मेट्रोची ॲक्वा लाईन पकडली की पंधरा मिनिटांत सुभाष नगर. मेट्रोमधे मला कधी भीती वाटली नाही, गाडीत लाईट, स्टेशनवर लाईट, गार्ड, कॅमेरे, सगळं आहे. भीती सुरू होते ती स्टेशनच्या जिन्याखाली. तिथून घर पायी पंधरा-अठरा मिनिटं, आणि ती पंधरा-अठरा मिनिटं वाचवायला मी दीड वर्ष ऑटो केला, पन्नास रुपये, महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर तेराशे रुपये, माझ्या पगारातून. घरी म्हणायचे एवढा त्रास आहे तर लॅबला सांग सकाळची ड्यूटी दे म्हणून. सकाळची ड्यूटी मागणाऱ्या आमच्याकडे अजून चार जणी आहेत आणि त्यांचीही कारणं हीच आहेत. मुलगी बारावीला गेली, तिचा क्लास नऊला सुटायला लागला, तेव्हा मी ठरवलं की आता दोघींचा ऑटो परवडत नाही आणि मला तो करायचाही नाही.

हे ॲप कुठून आलं ते थोडं सांगते कारण मला त्याच्यामुळेच विश्वास वाटला. दिल्लीतल्या डिसेंबर २०१२ च्या निर्भया घटनेनंतर २०१३ मधे कल्पना विश्वनाथ आणि आशिष बासू यांनी सेफ्टीपिन सुरू केलं. कल्पना ताई त्याच्या आधीपासून जागोरी संस्थेसोबत दिल्लीत हेच काम करत होत्या, बायकांना घेऊन रस्त्यावर चालायचं आणि कुठे काय कमी आहे ते लिहून काढायचं. ही चालत चालत लिहायची पद्धत त्याहून जुनी आहे, कॅनडात टोरांटोला मेट्रॅक नावाच्या संस्थेने १९८९ मधे ती बसवली. म्हणजे मोबाईल नव्हता तेव्हापासून बायका हातात कागद घेऊन हे करून राहिल्या आहेत, ॲपने फक्त तो कागद मोबाईलमधे आणला. नैरोबी, बोगोटा असल्या शहरांतही हे वापरलं गेलंय, गाडीला मोबाईल लावून रात्री रस्त्यांचे फोटो काढायचे आणि त्याच्यावरून अंधार कुठे आहे ते काढायचं असंही ते लोक करतात. आमच्याकडे गाडी वगैरे काही नव्हती, आम्ही पायीच.

आता ऑडिट म्हणजे काय. तुम्ही एका जागी उभं राहायचं आणि नऊ गोष्टींना शून्य ते तीन मार्क द्यायचे. लाईट. मोकळेपणा, म्हणजे चारी बाजूंना दिसतं का आणि कुठूनही निघता येतं का. नजर, म्हणजे घरातून, दुकानातून, गॅलरीतून कोणी आपल्याला पाहू शकतं का. माणसं किती आहेत. पोलीस किंवा गार्ड आहे का. चालायला जागा कशी आहे. बस, ऑटो, मेट्रो किती जवळ. त्या जागी बायका आणि लेकरं किती दिसतात. आणि शेवटचं फीलिंग, तुम्हाला स्वतःला कसं वाटतं. बस एवढंच. पहिल्यांदा बघितलं तर वाटतं यात काय विशेष, हे तर आपल्याला माहीतच आहे.

माहीत असतं पण सुटं सुटं करून माहीत नसतं. आम्हाला एवढंच म्हणता यायचं की ती मधली गल्ली चांगली नाही. माझी सासू हेच म्हणायची, मी मुलीला हेच म्हणायची, आणि त्याचा अर्थ एकच निघायचा की तिकडून जाऊ नको. गल्लीचं काय बिघडलंय हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता.

पहिल्या रात्री आम्ही चौघी निघालो, मे महिना, नऊ वाजले तरी डांबर गरम, समोरच्या काकू चप्पल बदलून स्पोर्ट्स शूज घालून आल्या होत्या. मधल्या गल्लीच्या तोंडाशी उभ्या राहिलो. लाईटचा रकाना आला. मी पटकन शून्य टाकणार तर काकू म्हणे, "थांब नं, पोल तर आहे." आणि खरंच, पोल होता, त्याच्यावर नवा एलईडी होता, तो चालूही होता. आम्ही वर बघितलं तर कडुनिंबाची एक जाड फांदी बरोब्बर लाईटच्या खालून गेली होती, सगळा उजेड पानांवर पडत होता आणि खाली अंधार. पाच वर्षं मी त्या गल्लीला अंधारी म्हणत होती आणि पाच वर्षं तिथे लाईट होता. आम्ही एक सोपी परीक्षा केली, काकू पंधरा पावलं पुढे जाऊन उभ्या राहिल्या आणि मी बघितलं की चेहरा ओळखू येतो का. नाही आला. साडीचा रंगही नाही कळला. फांदीच्या पुढे गेल्यावर लगेच दिसल्या.

नंतर आला नजरेचा रकाना, आणि तिथे जे लक्षात आलं ते मला कधीच सुचलं नसतं. गल्लीत दोन्ही बाजूंनी घरं आहेत, खिडक्या आहेत, सगळ्या घरांत माणसं आहेत, मग नजर तीन पाहिजे की नाही? पण मे महिन्यात नागपुरात खिडकी म्हणजे काय असते, खिडकी म्हणजे कूलर असतो. प्रत्येक खिडकीत कूलर ठोकलेला, उरलेल्या जागेत थर्माकोल नाहीतर पुठ्ठा. आतून बाहेरचं काही दिसत नाही. आणि आवाज. आम्ही मुद्दाम एका ओळखीच्या घरासमोर उभं राहून आतल्या वहिनीला हाक मारली, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा जोरात. कूलरच्या घरघरीत काही ऐकू गेलं नाही. ती आतमधे खिडकीपासून पाच फुटांवर बसून टीव्ही बघत होती, हे तिनेच दुसऱ्या दिवशी सांगितलं आणि सांगताना तिचा चेहरा उतरला होता. थंडीत याच्या उलटं होतं, कूलर निघतो पण आठ वाजता खिडक्या बंद. म्हणजे वर्षातले सात-आठ महिने ही घरं असून नसल्यासारखी. जी पुस्तकी माणसं म्हणतात की रस्त्याकडे तोंड करून घरं असली की रस्ता सुरक्षित, त्यांनी एकदा उन्हाळ्यात इकडे यावं.

त्याच्यापुढे तीन नव्या फ्लॅट स्कीम झाल्यात. पूर्वी तिथे एनआयटीच्या (नागपूर सुधार प्रन्यासच्या) लेआऊटमधली बुटक्या कंपाउंडची घरं होती, जाळीचा व्हरांडा, त्यात कोणीतरी म्हातारं माणूस बसलेलं. आता खाली सगळी पार्किंग आणि लोक पहिल्या माळ्यापासून वर. रस्त्याच्या पातळीवर एक माणूस नाही, खांब आणि गाड्या. कंपाउंडची भिंत सात फूट. त्या भिंतीच्या बाजूने चालताना जाणवतं की इकडे काही झालं तर वरच्यांना कळायला खूप उशीर होईल. बिल्डिंगमधले लोक म्हणतात भिंत सेफ्टीसाठी बांधली. बांधली असेल, पण ती आतल्यांसाठी, बाहेरून चालणाऱ्या बाईला तिच्यामुळे पळायला एक बाजू कमी झाली. मोकळेपणाच्या रकान्यात आम्ही तिथे एक मार्क दिला.

आणि खाली, म्हणजे रिकामे पडलेले, प्लॉट. नागपुरात ज्याचा प्लॉट खाली नाही असा लेआऊट दाखवा. मालक कुठे पुण्याला, कुठे अमेरिकेत, भाव वाढायची वाट पाहून राहिले, आणि इकडे कमरेएवढं गाजरगवत, पडकी भिंत, त्याच्या आत बाटल्या. पावसाळ्यात तर डोक्याएवढं होतं.

फुटपाथचं पण सांगते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणे चालायला कमीत कमी १.८ मीटर मोकळी जागा पाहिजे. काकूंनी शिलाईचा टेप आणला होता. जिथे विजेची डीपी उभी आहे तिथे आमच्या फुटपाथला नव्वद सेंटिमीटर उरलेत, आणि चढायची पायरी एवढी उंच की साडीतल्या बाईला, लेकरू कडेवर असलेल्या बाईला, गुडघे दुखणाऱ्या बाईला रस्त्यावरूनच चालावं लागतं. रस्त्यावरून चालणाऱ्या बाईजवळ बाईकवाला किती सहज येतो ते मला सांगायची गरज नाही.

आता जे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. फीलिंगचा रकाना. आमच्या लेआऊटच्या मागे एक वस्ती आहे, टिनाची घरं, अरुंद गल्ली, आणि स्टेशनवरून यायला तो सगळ्यात जवळचा रस्ता आहे. आम्ही चौघींनी पहिल्याच आठवड्यात त्याला फीलिंग शून्य दिलं. आतमधे गेलोच नाही, तोंडाशी उभं राहून दिलं. दुसऱ्या दिवशी माझ्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या ताईला मी उत्साहाने मोबाईल दाखवला की बघ आम्ही काय करून राहिलो. तिने नीट बघितलं आणि म्हणाली, "ताई, माहं घर तं याच गल्लीत आहे. मी रोज रात्री साडेनऊला तिथूनच जाते. मले तिथं काहीच भ्या नाही वाटत."

मला बोलता आलं नाही. तिच्यासोबत त्याच रात्री गेली. गल्ली अरुंद आहे, लाईट एकच आहे, पण प्रत्येक दारात बाई. कोणी भांडी घासून राहिली, कोणी लेकराची वेणी घालून राहिली, कोणी नुसतीच ओट्यावर बसून गप्पा. आम्ही आत शिरल्यापासून बाहेर निघेपर्यंत किमान पंधरा जणींनी विचारलं, कोण हो, कोणाकडे आल्या. नजर तीन, माणसं तीन, बायका-लेकरं तीन. आमच्या फ्लॅट स्कीमच्या रस्त्याला यातल्या एकातही तीन नव्हते. आम्ही शून्य दिलं होतं ते गरिबीला दिलं होतं, भीतीला नाही. त्या दिवशी ती एंट्री आम्ही पुन्हा नव्याने भरली, ताईच्या हातात मोबाईल देऊन, तिच्या मार्कांनी.

म्हणून ज्या बायका हे वापरणार असतील त्यांना माझी हात जोडून विनंती आहे, एकट्या आपल्यासारख्याच मैत्रिणी घेऊन भरू नका. पोळ्यावाली, भांडेवाली, रात्रपाळीची नर्स, दुकानात काम करणारी पोरगी, जी रोज त्या वेळेला त्या रस्त्याने पायी जाते तिला सोबत घ्या. ॲपमधला मार्क तेवढाच खरा जेवढी भरणारी खरी. एका जागेवर एकाच बाईची एंट्री असली तर ते तिचं मत आहे, वीस जणींच्या असल्या तर त्याला वजन येतं.

ताईनेच आम्हाला पुढची गोष्ट सांगितली. आम्ही मुलींना नेहमी सांगायचो की मेन रोडने चौकातून ये, तिथे उजेड असतो, गर्दी असते. ताई म्हणाली की तिला सगळ्यात जास्त त्रास त्या चौकातच होतो. आम्ही जाऊन ऑडिट केलं, लाईट तीन, माणसं तीन, बस-ऑटो तीन. आणि बायका-लेकरं शून्य. दोन पानठेले, तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटून राहिलेले, बाईकवर बसलेले पंचवीस-तीस पुरुष, बाजूला उभ्या केलेल्या दोन-तीन गाड्यांमधे ग्लास. रात्री नऊला त्या चौकात वीस मिनिटं आम्ही मोजलं तर थांबलेली एकही बाई नव्हती, ज्या होत्या त्या मान खाली घालून झपझप निघून जाणाऱ्या. दर वेळी लाईट लावा, कॅमेरे लावा एवढंच ऐकायला येतं, पण इथे लाईट होता, कॅमेराही होता. बाईला तिथे दोन मिनिटं थांबायला काही कारणच नव्हतं, बसायला जागा नाही, बाई चालवते असं एक दुकान नाही, संडास नाही. संडासाचा रकाना आमच्या वहीत आम्ही आमच्या मनाने दहावा म्हणून काढला, कारण माझी स्वतःची मुलगी क्लासच्या दिवशी दुपारपासून पाणी पीत नाही हे मला याच चालण्यात कळलं, तिने सहज सांगितलं, जसं काही सगळ्याच पोरी असंच करतात.

भुट्टेवाली मावशी गल्लीच्या दुसऱ्या तोंडाशी बसायची, पावसाळ्यात भुट्टे, नंतर उकडलेल्या शेंगा, थंडीत बोरं-संत्री. शेगडीचा उजेड, निखाऱ्याचा वास, दोन-चार गिऱ्हाईक उभं. जुलैमधे आमच्या त्या कोपऱ्याला माणसं दोन, नजर दोन, बायका दोन असे मार्क होते. ऑगस्टमधे एका दुपारी अतिक्रमणवाल्यांची गाडी आली आणि तिची शेगडी, छत्री, टोपली उचलून नेली. त्याच आठवड्यात आम्ही पुन्हा भरलं, माणसं शून्य, नजर एक, बायका शून्य. रस्ता तोच, लाईट तोच, फक्त एक बाई उठवली. हे आकडे शेजारी शेजारी ठेवून आम्ही किराणावाल्या भाऊंना दाखवले, ते आधी म्हणायचे मावशीमुळे दुकानासमोर कचरा होतो. आकडे बघून ते दोन दिवस काही बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या ओट्याची एक बाजू मावशीला दिली. आता ती साडेनऊपर्यंत असते. माझी मुलगी क्लासवरून आली की आधी तिच्यापाशी थांबते, मावशी तिला गल्लीच्या मधापर्यंत नजरेने सोडते, तिच्याच शब्दांत, "जा बाई, मी पाहून राहिली."

काम कसं झालं ते विचाराल. आम्ही एक पानी अर्ज केला. आधीचे अर्ज मी पाहिलेत, परिसरात महिलांना असुरक्षित वाटते, योग्य ती कारवाई व्हावी, असे. त्याच्यावर कोणी काय करणार? आम्ही लिहिलं, अमुक नंबरच्या पोलवरची फांदी कापा. अमुक दोन पोलच्या मधे अंतर जास्त आहे, एक लाईट वाढवा. डीपीजवळ फुटपाथ नव्वद सेंटिमीटर आहे. खाली प्लॉटच्या मालकाला नोटीस द्या, भिंत आणि गवत. चारच गोष्टी, आणि खाली ऑडिटचे मार्क, तारीख आणि वेळ. फांदी बाराव्या दिवशी कापली गेली. लाईटला पाच आठवडे लागले, त्यासाठी काकू तीन वेळा गेल्या आणि एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर पाठवल्या गेल्या, दुसऱ्या फेरीत एकाने विचारलं की एवढ्या रात्री बायकांना बाहेर कशाला फिरायचं असतं. काकूंनी शांतपणे सांगितलं की माझी सून हॉस्पिटलात आहे, तुमच्या घरचं कोणी रात्री ॲडमिट झालं तर तीच असते तिथे. फुटपाथ आणि खाली प्लॉट अजून तसेच आहेत.

असं तिसऱ्यांदा जाणं सगळ्यांना जमत नाही हे मला माहीत आहे, म्हणून हे नगरसेवकांपर्यंतही गेलं पाहिजे. आपल्या राज्यात २०११ पासून महानगरपालिकेत अर्ध्या जागा बायकांना आहेत. त्या नगरसेविका ताईंनी रस्त्याच्या, गार्डनच्या, लाईटच्या मिटिंगमधे ही नऊ रकान्यांची वही घेऊन बसावं असं मला फार वाटतं. नागपुरात बायकांचं ऐकलं नाही तर काय होतं हे आपल्याला नव्याने सांगायला नको, २००४ च्या ऑगस्टमधे कस्तुरबा नगरच्या बायकांच्या जमावाने अक्कू यादव नावाच्या गुंडाला कोर्टातच मारून टाकलं, त्याच्या आधी कित्येक वर्षं त्या वस्तीतल्या घराघरात माहीत होतं की कोण काय करतो. मी त्या वेळी शाळेत होती, आईने टीव्ही बंद केला होता. त्या थराला गोष्ट जायच्या खूप खूप आधी कोणीतरी वहीत लिहून घ्यायला पाहिजे होतं आणि ती वही कोणीतरी वाचायला पाहिजे होती.

पोलिसांचंही चांगलं ते सांगते, २०१९ च्या डिसेंबरमधे नागपूर पोलिसांनी रात्री नऊ ते पहाटे पाच या वेळात अडकलेल्या बाईला फुकट घरी सोडायची सोय सुरू केली होती, तेव्हा आमच्या लॅबमधल्या सगळ्या पोरींनी नंबर सेव्ह केले होते. त्याने धीर आला. पण रोज कोणी पोलिसांच्या गाडीतून घरी येणार नाही, रोजचं घरी येणं पायीच असणार.

गार्डनचं थोडंसं, कारण ऑडिट करताना आम्ही तेही केलं. लेआऊटच्या गार्डनमधे संध्याकाळी आठ-नऊ वर्षांपर्यंतच्या पोरी दिसतात, त्याच्या पुढच्या गायब. पोरांचं क्रिकेट सगळी जागा घेतं, आम्हाला वाटायचं पोरींनाच आवड नसते. मग कळलं की ऑस्ट्रियात व्हिएन्ना शहरात नव्वदच्या दशकात हेच बघितलं गेलं होतं, नऊ वर्षांच्या पुढच्या मुली पार्कमधे येईनाशा होतात, कारण जागेसाठी भांडण झालं की पोरं जिंकतात. त्यांनी १९९९ मधे दोन पार्क बदलले, वाटा वाढवल्या, व्हॉलीबॉल-बॅडमिंटनची जागा काढली, एका मोठ्या मोकळ्या मैदानाचे छोटे भाग केले, आणि मुली परत आल्या. आम्ही आमच्या गार्डनच्या एका कोपऱ्यात चुन्याने बॅडमिंटनच्या रेषा मारल्या आणि जाळी बांधली, खर्च सगळा मिळून अकराशे रुपये. पहिले चार दिवस पोरांनी तिथेच फील्डिंग लावली. काकू खुर्ची घेऊन बसायला लागल्या तशी ती हटली. आता सात-आठ मुली रोज खेळतात, माझीही रविवारी जाते.

ॲपबद्दल बाकीचं पटकन. फुकट आहे. एका जागेची एंट्री सरावाने तीन-चार मिनिटांत होते. रात्री भरा, दिवसाचे मार्क रात्रीला काही कामाचे नाहीत, आणि उन्हाळा, पावसाळा, थंडी तिन्हीत भरा, वर कूलरचं सांगितलंच. एकटीने मोबाईलमधे डोकं घालून अंधाऱ्या जागी उभं राहू नका, एकीने भरायचं आणि दुसरीने आजूबाजूला बघायचं. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांच्यासाठी नऊ ओळींची वही करा, आमच्याकडे वस्तीतल्या तिघी वहीतच भरतात आणि माझी मुलगी नंतर मोबाईलमधे टाकते. आपल्या भागात आधीच्या एंट्री कमी दिसल्या तर त्याचा अर्थ तिथल्या बायकांनी अजून सांगितलं नाही एवढाच घ्या, नकाशावरचा हिरवा-लाल रंग बघून लगेच एखाद्या वस्तीवर शिक्का मारू नका, आम्ही मारला होता आणि तो चुकीचा होता. माझ्याकडून पाच स्टार.

ऑटो मी सप्टेंबरपासून बंद केला. काल रात्री स्टेशनवरून मी आणि मुलगी सोबतच आलो, गल्लीच्या तोंडाशी थांबून पुन्हा एकदा भरलं. लाईट तीन, नजर दोन, माणसं दोन, बायका-लेकरं दोन. फीलिंगला मुलीने दोन दिले. मी म्हटलं तीन काऊन नाही, तर तिने खाली प्लॉटच्या पडक्या भिंतीकडे बोट दाखवलं.